उन्हात न खेळणारी सनी आणि फोंड्यातील तिचे वाचक

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात आमच्या फोंड्यातील वाचनगटाने नायजेरियन-अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ ही इंग्रजी कुमार-कादंबरी निवडली, तेव्हा अर्ध्याअधिक मंडळींचा आक्षेप शीर्षकातील दुसऱ्या शब्दाला होता. चेटकिणीची गोष्ट मुलांच्या हाती कशाला द्यायची, असे एका आईचे म्हणणे पडले. पुस्तक वाचून झाल्यावर तोच आक्षेप पहिल्या शब्दाकडे सरकला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी नायजेरियात वापरला जाणारा ‘अकाटा’ हा शब्द अमेरिकेत जन्मलेल्या नायिकेला वर्गातल्या मुली चिकटवतात. नायजेरियातील आवृत्ती तर ‘व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स’ अशा निराळ्याच नावाने निघाली. नऊ वाचकांत दोन प्रती फिरवून आम्ही ही कादंबरी वाचली. त्यांची मते आणि त्या मतांवरचे माझे मत असे दोन्ही येथे नोंदवीत आहे.

कथा थोडक्यात सांगता येते. बारा वर्षांची सनी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, आता आग्नेय नायजेरियातील आबा शहरात राहणारी, तिथल्या इग्बो समाजातील आईवडिलांची मुलगी आहे. तिच्या त्वचेत रंगद्रव्य नाही, त्यामुळे ऊन तिला सोसत नाही आणि फुटबॉलचे वेड असूनही ती दिवस मावळल्यावरच खेळू शकते. वीज गेलेल्या एका रात्री मेणबत्तीच्या ज्योतीत तिला जगाचा अंत दिसतो. ओर्लू, चिची आणि अमेरिकेतून आलेला साशा या तिघांच्या संगतीत तिला कळते की ती ‘लेपर्ड पीपल’ या जादूगार समाजातली आहे. मग गुरू येतात, शिक्षण येते, आणि लहान मुलांना पळवून मारणाऱ्या ‘ब्लॅक हॅट’ नावाच्या नराधमाला अडवण्याचे काम या चार मुलांवर येऊन पडते.

गटातील तरुण वाचकांनी पहिल्याच बैठकीत या कादंबरीची तुलना हॅरी पॉटरच्या त्या सुप्रसिद्ध ब्रिटिश जादूशाळेशी केली आणि हिला आफ्रिकी नक्कल ठरवले. ही तुलना मला आळशीपणाची वाटते. त्या शाळेत वाडा आहे, वसतिगृह आहे, गणवेश आहे. सनी मात्र रोज आपल्या नेहमीच्या शाळेत जाते, घरी वडिलांचा ओरडा खाते आणि उरलेल्या वेळात गुरूच्या झोपडीत शिकते. आपल्याकडे संध्याकाळी शाळेनंतर पेटी-तबला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या दिनक्रमाशी हे अधिक जुळते. शिवाय या समाजाचे चलन अगदी निराळे आहे. काही नवीन शिकले, खरोखर उमगले, की ‘चिट्टिम’ नावाचे धातूचे तुकडे आकाशातून आपल्या पायाशी पडतात, आणि त्यांत तांब्याचे सर्वांत मौल्यवान, तर सोन्याचे सर्वांत कमी मोलाचे. नववीतल्या एका मुलाने यावर जे विचारले ते मला फार आवडले: घोकंपट्टी करून नव्वद टक्के मिळवले तर किती चिट्टिम पडतील? कादंबरीचे उत्तर स्पष्ट आहे, एकही नाही.

सर्वाधिक वेळ गेला तो ‘विच’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर. चेटकीण म्हटले की आपल्यासमोर उलट्या पावलांची, दुसऱ्याचे वाईट चिंतणारी बाई उभी राहते. डाकीण त्याहून वाईट. ‘जादूगारीण’ म्हटले तर रंगमंचावरचे हातरुमाल आणि कबुतरे आठवतात. सनी यांपैकी कोणीच नाही. सावईवेऱ्याहून येणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी सुचवले की आपला घाडी जसा गावासाठी गाऱ्हाणे घालतो, देवाशी आणि गावाची राखण करणाऱ्या देवचाराशी बोलतो, आणि म्हणून लोक त्याला मानतात आणि थोडे घाबरतातही, तशा परंपरेतली मुलगी म्हणून तिच्याकडे पाहावे. ही सूचना मला केवळ शब्दाची सोय वाटली नाही. इग्बो समाजात पूर्वजांचे आत्मे मुखवटे घालून पृथ्वीवर येतात ते मुंग्यांच्या बिळातून, अशी जुनी समजूत आहे, आणि कादंबरीतील भीतिदायक मुखवटेधारी त्याच परंपरेतून आलेले आहेत. ज्या गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पुजली जाते, तेथील वाचकाला जमिनीच्या त्या छिद्राचे महत्त्व तळटीप न देता कळते. लंडनमधल्या वाचकाला जे अद्भुत वाटेल, ते पेडण्याच्या किंवा केपेच्या वाचकाला ओळखीचे वाटावे, हा या पुस्तकाचा आमच्यापुरता मोठाच लाभ.

लेखिकेचे कौतुक करावे असे आणखी एक स्थळ म्हणजे व्यंगाकडे पाहण्याची दृष्टी. ओर्लूला अक्षरे नीट लावता येत नाहीत, आणि नेमकी तीच उणीव दुसऱ्याने घातलेली जादू उलगडून टाकण्याच्या त्याच्या शक्तीचे मूळ आहे. सनीचे रंगहीन असणे तिला अदृश्य होण्याची आणि आत्म्यांच्या जगात डोकावण्याची वाट देते. वाचनदोष असलेल्या मुलाच्या आईने हा भाग आपण मुलाला दोनदा वाचून दाखवला असे सांगितले, तेव्हा काही काळ कोणी बोलले नाही.

मात्र याच मुद्द्यावर कादंबरी आपला शब्द मोडते, असा आक्षेप दहावीतल्या एका मुलीने घेतला. जादूगार समाजात दीक्षा झाल्यानंतर सनीला ऊन बाधेनासे होते, ती भर दिवसा मैदानात उतरते आणि राजधानी अबुजाच्या उत्सवातील सामन्यात मुलांच्या बरोबरीने फुटबॉल खेळते. २०१२ मध्ये फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा देणाऱ्या गोव्यात हे प्रकरण सर्वांना आवडणार हे उघडच होते, आणि गटातले दोघे आजोबा त्यावर इतके रंगले की त्यांना आवरावे लागले. परंतु त्या मुलीचा प्रश्न रास्त आहे: उणीव हेच बळ असेल, तर तिचा जाच तेवढा सोयीस्करपणे का पुसला? ज्या मुलाला खरोखर ऊन सोसत नाही, त्याने हे पान वाचून काय समजावे? मी स्वतः हे प्रकरण पहिल्यांदा आनंदाने वाचले होते, तिच्या प्रश्नानंतर मात्र तसे वाचता आले नाही.

मोठ्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. या आधी ब्लॅक हॅटवर पाठवलेल्या तुकड्या परत आल्या नाहीत हे गुरुजनांना ठाऊक आहे, तरीही ते अर्धवट शिकलेल्या चार मुलांना पुढे करतात. व्यक्तीपेक्षा जग मोठे, हे त्या समाजाचे तत्त्वज्ञान आहे आणि लेखिकेने ते लपवलेले नाही, म्हणून हा दोष मी मानीत नाही. तो जाणूनबुजून दिलेला अस्वस्थपणा आहे. खरा दोष शेवटचा. तीनशेहून अधिक पाने ज्या संकटाची चाहूल दिली, त्याचा निकाल थोडक्या पानांत लागतो, आणि मुलांनी शिकलेले बहुतेक काही कामाला येत नाही. बाजारहाट, मिरच्यांचे झणझणीत सूप, अबुजाचा प्रवास यांवर लेखिका जितकी रमते, तितकी या प्रसंगावर थांबत नाही.

भाषा साधी, वाक्ये छोटी; इग्बो भाषेतले आणि पिजिन म्हणजे नायजेरियातील मिश्र इंग्रजी बोलीतले शब्द मध्येमध्ये येतात, पण अडवत नाहीत. प्रकरणांच्या मध्ये नवशिक्या जादूगारांसाठीच्या एका आढ्यताखोर पुस्तिकेतील उतारे दिले आहेत. त्यांतला उद्धट सूर काहींना खटकला, मला त्यातच विनोद दिसला. बालहत्येचे उल्लेख असल्यामुळे बारा वर्षांखालील मुलांना हे पुस्तक मी देणार नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या वाचकाबरोबर घरातल्या कोणीतरी ते वाचावे असे सुचवीन.

पुढचे भाग २०१७ आणि २०२२ मध्ये निघाले आहेत. पहिल्या बैठकीत ‘चेटकिणीची गोष्ट कशाला’ म्हणणाऱ्या त्या आईने दुसऱ्या भागासाठी आपले नाव यादीत सर्वांत वर लिहून घेतले आहे.