डीएसएलआर विकल्यावर: लांब झूमचा ब्रिज कॅमेरा की एक इंची?

डीएसएलआर विकायचा एकदा ठरलं की खरा घोळ सुरू होतो तो ब्रिज कॅमेऱ्यांच्या, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांच्या, दोन जातींमध्ये. एकीकडे निकॉनचे पी ९५० आणि पी १०००, कॅननचा एसएक्स ७०. यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, करंगळीच्या नखापेक्षा लहान, झूम मात्र संपता संपत नाही. दुसरीकडे सोनीचा आरएक्स १० मार्क ४ आणि पॅनासॉनिकचा एफझेड १००० मार्क २. यांचा सेन्सर एक इंची, क्षेत्रफळाने जवळपास चौपट, पण झूम त्यामानाने आखूड. मेगापिक्सेल, फोर-के, वायफाय यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते सगळ्यांत आहे, आणि ज्याने डीएसएलआर वापरलाय त्याला ते समजावण्यात अर्थ नाही.

मी विकला तो निकॉनचा डी ७२०० आणि २००-५०० ची लेन्स. नुसती लेन्सच दोन किलो तीनशे ग्रॅमची, बॉडी धरून तीन किलो. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गाडी लावून आत चालायचं तर अर्ध्या वाटेत खांदा बोलायला लागतो, आणि पन्नाशीनंतर तो घरी आल्यावरही बोलतच राहतो. कॅमेरा वाईट होता म्हणून विकला नाही. तो घरीच राहायला लागला म्हणून विकला.

आता एक हिशेब आधीच करून ठेवा. मिलिमीटर जितके जास्त तितकं लांबचं जवळ येतं, आणि पोचेचे आकडे सगळे फुल-फ्रेमच्या मापाने. डी ७२०० च्या सेन्सरवर ५०० ची लेन्स म्हणजे ७५० मिलिमीटरची पोच. सोनीची पोच ६००, एफझेड १००० ची तर ४०० च. म्हणजे एक इंची कॅमेरा घेतलात की तुम्ही होतात त्याच्या मागे जाता. पी ९५० मात्र २००० वर नेतो आणि पी १००० थेट ३००० वर. कागदावर हा सामना इथेच संपतो. दुकानदारही इथेच संपवतो.

आणि लांब झूमवाल्यांचं जे खरंच चांगलं आहे ते नाकारण्यात मतलब नाही. राकसकोपच्या जलाशयाच्या काठावर उभं राहा. पक्षी पलीकडच्या काठाला, मध्ये बेळगावला पाणी पाजणारं तळं. तिथे ६०० चा फोटो म्हणजे पाणी, पाणी आणि मध्ये एक पांढरा ठिपका. २००० वर त्याच ठिपक्याचा बगळा होतो, चोचीसकट. हिडकलच्या धरणावर हिवाळ्यात उतरणारी बदकंही अशीच लांब बसतात. शिवाय चंद्र. गच्चीवरून २००० वर चंद्र जवळजवळ फ्रेम भरतो, आणि पी ९५० च्या डायलवर चंद्रासाठी आणि पक्ष्यांसाठी वेगळे मोडच दिलेत. घरातली मुलं या एका गोष्टीसाठी कॅमेरा हातातून सोडणार नाहीत.

पण मार्च उजाडला की हिडकलच्या पाण्यावरची हवा सकाळी नऊ-साडेनऊनंतरच थरथरायला लागते. त्या हवेतून २००० मिलिमीटरने काढलेला फोटो कुठल्याच कॅमेऱ्यात धारदार येत नाही, कारण दोष काचेत नसतोच. तेव्हा झूमचे आकडे वाचताना मनातल्या मनात ‘सकाळी, थंडीत’ असं जोडून वाचावं. आणखी एक: २००० वर पक्षी जरा हलला की फ्रेममधून गायब, आणि मग त्याला शोधत बसा. निकॉन आणि कॅनन दोघांनीही यासाठी लेन्सच्या बाजूला एक बटण दिलंय. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो आणि सोडलं की परत जागेवर जातो. ते बोटाला सवयीचं व्हायला वेळ लागतो, पण झालं की बरं चालतं.

जंगलात गोष्ट वेगळी. भीमगडच्या बाजूचं रान दाट आहे, आणि चोर्ला घाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात दुपारी दोनलाही संध्याकाळ असते. तिथे पी ९५० टोकाला एफ ६.५ वर, पी १००० एफ ८ वर (एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड कमी), आणि तोही एवढ्याशा सेन्सरवर. शटरचा वेग राखायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवावा लागतो, आणि १६०० च्या पुढे माझ्या डोळ्याला तरी पिसांचा शिरा दिसतो. सोनी ६०० वरही एफ ४ देतो. स्वर्गीय नर्तकाची शेपटी किंवा शीळकरी कस्तुराच्या खांद्यावरचा निळा रंग सावलीतून काढायचा असेल, तर हा फरक कुठलाही तक्ता न बघता कळतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने न आवळलेला कच्चा फोटो) दोन्हीकडे मिळते, पण छोट्या सेन्सरच्या रॉमधून काढण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. अर्थात ज्यांना फोटो फक्त फोनवर बघायचे आणि पाठवायचे आहेत त्यांना हे सगळं जाचक वाटणार नाही, हेही खरं.

पोच कमी पडते त्यावर एक साधा उपाय आहे. सोनीच्या वीस मेगापिक्सेलच्या फोटोतून मधला पाच मेगापिक्सेलचा तुकडा कापला की चौकट १२०० मिलिमीटरएवढी होते. भिंतीवर लावायला ए-फोर आकारापर्यंत तो चालतो. म्हणजे २००० शी बरोबरी होत नाही, पण ६०० हा आकडा ऐकून जितकं बिचकायला होतं तितकं बिचकायचं कारण नाही.

इथपर्यंत तराजू जवळजवळ सरळ होता, आणि मी खरं म्हणजे लांब झूमकडे झुकलेलो होतो. किंमतही निम्म्याच्या आसपास होती. पण एका कटकटीने निकाल लागला.

घेण्याआधी मित्राचा लांब झूमचा कॅमेरा वापरायला आणला होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण हा गुण एका कंपनीचा नसून कमी-अधिक प्रमाणात त्या जातीचाच आहे. जांबोटीच्या पुढे वडाच्या झाडावर मलबारी कवडे धनेश बसले होते. धनेशांचं एक असतं: ते थव्याने एकदम उडत नाहीत. एक उडतो, पंखांचा मोठा आवाज करत मोकळ्या आभाळातून पलीकडे जातो, मग त्याच वाटेने दुसरा, मग तिसरा. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचं काही नाही. पहिल्यावरून वाट कळते आणि पुढच्यांसाठी तयार राहता येतं. पहिला उडाला, मी बोट दाबलं, टकटक फ्रेम निघाल्या. आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, थिजला. कार्डावर फोटो लिहून होईपर्यंत त्यात काही दिसेना, झूम हलेना, बटणं ऐकेनात. कानांवर मात्र दुसऱ्या धनेशाचे पंख येत होते, मग तिसऱ्याचे. मित्र बाजूला उभा. म्हणाला, “गेले की रे सगळे, आता त्यात काय बघायलास?”

डीएसएलआरवर बोट दाबून ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे सहन होत नाही. तिथे आरशातून पलीकडचं जग दिसतंच राहतं. कॅमेरा आत काय लिहितोय याच्याशी डोळ्याचा संबंध नसतो. इथे डोळा आणि कार्ड एकाच दोरीला बांधलेले. वेगवान कार्ड घालून पाहिलं, फरक पडला पण थोडाच. फोटोंची प्रत कमी केली तर वाट जरा कमी बघावी लागते, पण मग कॅमेरा घेतला कशाला? आकड्यांतही हे स्पष्ट आहे. पी ९५० सेकंदाला ७ या वेगाने एका दमात १० फ्रेम काढतो. सोनी सेकंदाला २४ या वेगाने २४९ पर्यंत. त्या २४९ मला कधीच लागत नाहीत. मला फक्त दुसरा धनेश लागतो.

यावर कोणी म्हणेल, एकेक फोटो काढावा, धीर धरावा. बरोबर आहे. बसलेल्या पक्ष्यासाठी, काठावरच्या बगळ्यासाठी, चंद्रासाठी ही कटकट जवळजवळ नसल्यासारखीच. ज्याचे पक्षी बसलेलेच असतात त्याने हा परिच्छेद विसरून जावा आणि निम्म्या पैशात २००० घ्यावा. फोकसबद्दलही असंच. सोनीत फेज डिटेक्शनचे (पटकन फोकस लावायच्या पद्धतीचे) ३१५ बिंदू आहेत आणि उडत्या पक्ष्याला तो धरून ठेवतो. लांब झूमवाले बसलेल्यावर बरोबर लागतात, पण मागे फांद्या असल्या की फांद्यांवर जाऊन बसतात.

एक इंची कॅमेऱ्यातही त्रास आहेतच. मोटरने चालणारा झूम दोन्ही जातींत आहे, आणि कॅमेरा बंद झाला की लेन्स आत जाते. चालू केला की पुन्हा २४ पासून सुरुवात, आणि तोवर खंड्या वाट बघत नाही. सोनीत लेन्सभोवतीची रिंग फिरवून झूम करता येतो, पण तीही आतून मोटरलाच सांगते. हाताने पिळून झूम करायचे खरे ब्रिज कॅमेरे फुजीफिल्मने केले होते. एचएस ५० ईएक्सआर हा २०१३ चा, २४ ते १००० पर्यंत, मनगटाच्या एका वळशात. ती वाट पुढे कोणी चालवली नाही. आमच्यासारख्या डीएसएलआर सोडलेल्यांना तसलाच हवा होता, पण आता तो जुन्या बाजारातच शोधायचा.

बॅटरीत दोघेही सारखेच नापास. डी ७२०० ची बॅटरी ठरलेल्या चाचणीत ११०० च्या वर फोटो देते. सोनी ४०० आणि पी ९५० तीनशेच्याही आत. जादा बॅटरी घेतल्याशिवाय घाटात जाऊ नका, एवढंच. स्क्रीनमध्ये निकॉन पुढे आहे. तो बाजूला उघडून कसाही फिरतो, सोनीचा नुसता वर-खाली. चोर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्यात सीतेची आसवं ही इवली फुलं फुलतात तेव्हा जमिनीवर पोट टेकून उभी चौकट घ्यायची असेल, तर हे जाणवतं.

पण सड्यावरच सोनीची एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कोणी ओरडून सांगत नाही. पूर्ण ६०० वर तो ७२ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतो. फुलपाखरू, चतुर, पानावर बसलेला बेडूक यांना न उठवता फ्रेम भरून मिळते, मॅक्रो लेन्सशिवाय. लांब झूमवाले टोकाला गेले की काही मीटर मागे सरकायला लावतात. मी पक्ष्यांसाठी घेतलेला कॅमेरा पावसाळाभर किड्या-बेडकांवरच चालतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. धूळ-ओलाव्यापासून थोडं संरक्षणही त्यात दिलंय. पाणरोधक म्हणायचं नाही, पण कणकुंबीच्या भुरभुरीत निदान प्रत्येक थेंबाला दचकावं लागत नाही.

घरगुती वापरातही थोडा कल तिकडेच. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात. पूर्ण रथ आणि गर्दी घ्यायला हल्लीचा फोनच उत्तम, त्यासाठी कुठलाच ब्रिज नको. पण रस्त्याच्या पलीकडून रथावरच्या मावळ्याचा चेहरा हवा असेल तर फोन हात टेकतो, आणि छोट्या सेन्सरचा ब्रिजही.

मग कोणी काय घ्यावं? घर धरणाच्या किंवा तळ्याच्या काठाला असेल, चंद्राचा नाद असेल, बजेट घट्ट असेल, तर पी ९५०. पी १००० मी सुचवणार नाही. १४१५ ग्रॅम उचलायचे तर वजनासाठी डीएसएलआर सोडला कशाला? वजन हीच एकमेव अडचण असेल तर कॅननचा एसएक्स ७० सहाशे ग्रॅमच्या आसपास आहे, फक्त उजेडात वापरा. जंगल, उडते पक्षी, किडे, घरचे कार्यक्रम असं सगळं एकाच कॅमेऱ्यात हवं असेल आणि लाखाच्या वरचा खर्च झेपत असेल, तर सोनी. नवा झेपत नसेल तर जुना. एफझेड १००० मार्क २ आठशे ग्रॅमच्या आसपास, चांगला, पण ४०० मध्ये पक्षीवाल्याचं भागत नाही.

जुना घेताना एक काळजी घ्या. ब्रिजची लेन्स निघत नाही. आत बुरशी धरली तर अख्खा कॅमेराच दुरुस्तीला, म्हणजे आमच्याकडून पुणे किंवा बेंगळुरू. आणि खानापूर, चंदगड, आंबोलीच्या पावसात वाढलेला कॅमेरा बुरशीला पटकन बळी पडतो. तेव्हा झूम पूर्ण बाहेर काढा, समोरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि काचेत जाळी दिसते का बघा. मग झूम टोकापासून टोकापर्यंत दोनदा न्या आणि आवाज ऐका. अडखळला, करकरला तर सोडा. मागे उजेडी आभाळ धरून त्या कॅमेऱ्याच्या सर्वांत मोठ्या एफ आकड्यावर एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतील. आणि विकणारा टॉर्च मारू देत नसेल, तर किमतीची बोलणी सुरूच करू नका.