लिब्रेऑफिसचा डिफॉल्ट फॉरमॅट बदलला, त्याचे दहा महिने

भूमला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या मार्चात वर्ड-एक्सेलची कामं करणारं लिब्रेऑफिस टाकलं. फुकट आहे, युनिकोड मराठी नीट उमटते, माझी तक्रार नव्हती. गिऱ्हाइकांची होती. "मालक, तुमची फाईल मोबाइलात उघडंना की!" कारण हे आपणहून ओडीटी नावाच्या स्वतःच्या फॉरमॅटात सेव्ह करतं. ओडीटी काही कमअस्सल नाही, 2006 पासून आयएसओचं मानक आहे. पण एसटीची वेळ झालेल्या माणसाला हे कोण सांगत बसणार?

टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल. तिथं रायटरला, म्हणजे टायपिंगच्या भागाला, वर्डचं डॉकएक्स लावलं. हिशोबाच्या तक्त्यांच्या कॅल्कसाठी वेगळं लावावं लागतं, आणि भाचा बसतो त्या विंडोजच्या खात्यात पुन्हा पहिल्यापासून. जुन्या फाइली होत्या तशाच राहतात. वर डिफॉल्ट सोडून दुसऱ्या फॉरमॅटात सेव्ह केलं की 'हाच फॉरमॅट ठेवू का' विचारणारी चौकट. तिचीही टिक काढली. तक्रारी बंद.

पण कॅल्कच्या यादीत एक्सेल दोन आहेत, 97–2003 चं एक्सएलएस आणि 2007 नंतरचं एक्सएलएसएक्स. घाईत मी पहिलं निवडलं.

एका दूध संकलन केंद्राचा हिशोब माझ्याकडं असतो. पहिल्या कॉलमात उत्पादकाचं नाव, मग 1 एप्रिलपासून दिवसाला एक कॉलम. 13 डिसेंबरला फाईल उघडली तर आदल्या दिवशीचं दूध गायब. पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. भाच्याला लई बोललो, "काहून खोडतो रे?" तो बिचारा शपथा घेतोय. शेवटी कॉलम मोजले. जुन्या एक्सएलएसला 256 च कॉलम असतात, म्हणजे नावाचा एक आणि 11 डिसेंबरपर्यंतचे 255 दिवस. पुढचं सेव्हच होत नव्हतं. एखादी चौकट आलीही असेल, पण न वाचता ओके दाबायची हाताला सवय लागलेली. बरं, केंद्रावरच्या वहीत आकडे होते.

आता कॅल्कला एक्सएलएसएक्स आहे. त्यात 16,384 कॉलम, म्हणजे आमच्या हयातीत दूध पुरायचं नाही. प्रतिज्ञापत्राचे माझे मूळ नमुने मात्र ओडीटीतच ठेवतो, गिऱ्हाइकाला डॉकएक्स किंवा पीडीएफ काढून देतो. डॉकएक्स वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडं उघडून-मिटून झाला की तक्ते सरकतात, सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते, आणि बाँड पेपर वाया गेला तर पैसे माझेच.

चौकटीची टिक परत लावली आहे. ती आली की भाचा मला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचतो.