टॉप-अप सोडून सुपर टॉप-अप घेतला, त्याला चौदा महिने झाले

सातपूरच्या कारखान्यातून २०१८ ला निवृत्त झालो आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम त्याच दिवशी संपला. हाताशी राहिली दोघांची मिळून ३ लाखांची जुनी फ्लोटर पॉलिसी. कोरोनाची पहिली लाट बघून धसका घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये वर १० लाखांचा टॉप-अप (म्हणजे जोड-पॉलिसी) घेतला, ३ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ३ लाख सोडून पुढचाच खर्च देणारा. हप्ता एवढा कमी का, हे विचारायचं सुचलं नाही.

ते २०२४ मध्ये कळलं. जानेवारीत हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बिल २ लाख ४०. जुलैत मला न्यूमोनिया, आयसीयूसकट २ लाख १०. मूळ पॉलिसीचे ३ लाख संपले, दीड लाख खिशातून गेले. टॉप-अपवाल्यांनी दमडी दिली नाही, आणि नियमाने ते बरोबरच होते. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचं बिल वेगळं धरतात. एकही बिल ३ लाखांपुढे गेलं नव्हतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बेरीज धरतात. मी ‘सुपर’ला जाहिरातीतला शब्द समजत होतो!

मग पोर्ट करायचं ठरवलं, म्हणजे टॉप-अपची जुनी वर्षं न गमावता दुसऱ्या कंपनीच्या सुपर टॉप-अपमध्ये जायचं. नूतनीकरण १ डिसेंबरला, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच अर्ज टाकला. एका कंपनीने माझा मधुमेह बघून सरळ नकार दिला. दुसरीने ईसीजी आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घेतलं, हप्ता थोडा वाढवला आणि घेतलं. नवीन पॉलिसी न घेता पोर्ट का केलं, तर जुन्या चार वर्षांमुळे मधुमेहाचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ, पुन्हा भोगावा लागला नाही. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पण आमच्या वयात तीन वर्षं म्हणजे काय ते सांगायला नको. मधुमेह आणि गोळ्या फॉर्ममध्ये लिहाच. एजंट ‘राहू द्या ना काका’ म्हणाला होता, मी राहू दिलं नाही.

परीक्षा २०२५ मध्ये झाली. मार्चमध्ये हिचं पित्ताशय काढलं. मूळ पॉलिसीतून १ लाख ३१ हजार कॅशलेस मिळाले. सप्टेंबरमध्ये माझी अँजिओप्लास्टी, बिल ३ लाख ३६ हजार. मूळ पॉलिसीत उरलेले १ लाख ६९ हजार कॅशलेस, बाकीचे १ लाख ६७ हजार काउंटरवर भरले. एफडी मोडून.

दोन कंपन्या वेगळ्या असल्या की काय होतं, ते यानंतर कळतं. सुपर टॉप-अपवाल्यांना पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर हवं, तेही दोन्ही क्लेमचं. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे गेलेले, म्हणून झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का. बिलाचीच अकरा पानं. काउंटरवरची मुलगी एकेक पान उलटून शिक्का मारत होती आणि मागे डिस्चार्जवाल्यांची रांग माझ्याकडे बघत होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं: स्टेंटचं (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीचं) स्टिकर जोडलेलं नाही. ते बोटभर स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं होतं आणि केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये. मुलगा दोनदा जाऊन आला. अँजिओप्लास्टी होणार असेल तर स्टिकरची प्रत डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.

५२व्या दिवशी १ लाख ४६ हजार खात्यात आले. २१ हजार कापले, ते ग्लोव्ह्ज, किट, नोंदणी शुल्क असल्या गोष्टींचे. ते पटलं. मूळ पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ३ हजार आहे, म्हणून दोघांच्या खोलीत राहिलो. साडेचार हजारांची खोली घेतली असती तर डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली असती.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दोन्ही पॉलिसी योगायोगाने १ डिसेंबरच्याच आहेत. तारखा वेगळ्या असत्या तर एकीचं वर्ष संपलेलं आणि दुसरीचं चालू, असा बेरजेचा घोळ झाला असता. घेतानाच तारखा जुळवून घ्या. शक्य असेल तर दोन्ही एकाच कंपनीच्या घ्या. मला ते जमलं नाही, कारण मूळ कंपनीच्या सुपर टॉप-अपचा हप्ता जवळपास दीडपट होता. तरी त्या शिक्क्यांच्या दिवशी तो फरक मी आनंदाने भरला असता.

डिसेंबर २०२४ ला सुपर टॉप-अपचा हप्ता जीएसटीसह १८,७६२ होता. डिसेंबर २०२५ ला कंपनीने जीएसटीआधीचा हप्ता वाढवला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी गेल्यामुळे १७,३०० च भरले. पावती आणि स्टिकरची झेरॉक्स आता एकाच फाइलमध्ये आहे. हिने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘हात लावू नये’.