चार्टर विमान: शाश्वत इंधन की कार्बन क्रेडिट?

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखानदार मित्राची कंपनी ओझर विमानतळावरून चार्टर विमान घेते. उत्सर्जन कमी करायला पैसे कुठे घालावेत, शाश्वत इंधनात की कार्बन क्रेडिटमध्ये (म्हणजे आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्यासारख्या कामांना पैसे देणं), हा त्याचा पेच.

खर्चात क्रेडिट सरळ जिंकतं. वापरलेल्या खाद्यतेलापासून बनणारं शाश्वत इंधन साध्या विमान इंधनाच्या (एटीएफ) दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून महाग. पण परिणाम? शुद्ध रूपात हे इंधन उत्पादनापासून ज्वलनापर्यंतचं उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत घटवतं. साध्या इंधनात ते मिसळण्याची मर्यादा मात्र ५० टक्के. क्रेडिटमध्ये धूर तेवढाच, झाडं दुसरीकडे. ती वणव्यात गेली तर? ओझरला शाश्वत इंधन नसलं तरी ‘बुक अँड क्लेम’ पद्धतीत दुसऱ्या विमानतळावर भरलेल्या इंधनाचं श्रेय विकत घेता येतं. कागदपत्रांची कटकट दोन्हीकडे.

परदेशी ग्राहक उत्सर्जनाचा हिशेब मागत असतील तर इंधन. बजेट तुटपुंजं असेल तर नीट तपासलेली क्रेडिट. आणि काम मुंबईपुरतंच असेल तर नाशिकरोडहून वंदे भारत पकडा.