मागवलेलं नायजेरियन सामान: गारी उत्तम, एगुसी खवट

लागोसहून सोलापूरला परतून आम्हाला आठ वर्षं झाली. यजमान तिकडे प्लॅस्टिकच्या कारखान्यात होते. लागोसच्या इकेजा भागात सहा वर्षं काढली, धाकटी तर तिथल्याच जेवणावर वाढली. मागच्या मे महिन्यात ती पुण्याहून सुट्टीला यायची होती आणि फोनवर एकच धोशा, "आई, या वेळी एबा आणि एगुसी कर." एबा म्हणजे गारीचा घोटलेला गोळा आणि एगुसी म्हणजे त्याच नावाच्या बियांचं कालवण. म्हणून पहिल्यांदाच सामान ऑनलाइन मागवलं. एक किलो गारी, अर्धा किलो एगुसी, अर्धा लिटर लाल पामतेल आणि वाळवलेल्या बारीक कोळंबीचं पाकीट, घरपोच 2,150 रुपये. पाचव्या दिवशी पार्सल जुळे सोलापुरात दारात.

गारीचे पैसे पूर्ण वसूल. कसावाचा कंद किसून, आंबवून, पिळून कढईत भाजला की जो रवा होतो ती गारी. आपला साबुदाणाही याच कंदाचा, पण आंबवल्यामुळे गारीची चव निराळी, किंचित आंबूस. पाकीट फोडलं आणि तोच वास आला, इकेजातल्या आमच्या स्वयंपाकघराचा. दाणा कोरडा, एकसारखा, कुठे खडा नाही. एबाला दहा मिनिटंही लागत नाहीत. खळखळ उकळलेल्या पाण्यात गारी भुरभुरायची, झाकण ठेवायचं आणि मग लाकडी उलथन्याने जोर लावून घोटायचं. पाणी आधी, गारी नंतर, हे शेजारच्या योरुबा समाजातल्या आंटींनी मला हात धरून शिकवलं होतं. गोळा मऊ झाला, बोटांना चिकटला नाही.

तेलही अस्सल निघालं. किराणा दुकानातलं रिफाइंड पामतेल यात चालत नाही. लाल तेलाचा रंग कॅरोटीनचा असतो आणि शुद्ध करताना तो रंगही जातो, वासही जातो. बाटली झाकणापाशी थोडी पाझरली होती, पण पिशवी दुहेरी असल्याने बाकीचं वाचलं.

एगुसीने मात्र घात केला. मी सोललेल्या अख्ख्या बिया मागवल्या होत्या, आली दळलेली पूड. या बिया कलिंगडाच्या भाऊबंदांच्या, त्यात जवळजवळ निम्मं तेल. दळून ठेवल्या की लवकर खवट होतात, त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यातला प्रवास. चिमूटभर जिभेवर ठेवली तर घशापर्यंत कडू. विक्रेत्याला फोटोसकट दोनदा लिहिलं, उत्तर नाही. फार वाईट वाटलं, कारण लेक दुसऱ्या दिवशी यायची होती.

संध्याकाळी मधल्या मारुतीच्या बाजारात जाऊन एगुसीच्या जागी पाव किलो मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, घेतली. दुकानदाराने विचारलंच, "काकू, लाडू करायलेत का?" लक्ष्मी मार्केटातून माठाची जुडी घेतली. माठ लागोसच्या बाजारातही ढिगाने असतो, योरुबा भाषेत त्याला तेते म्हणतात. मगज मिक्सरला थांबत थांबत फिरवायची, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. लाल तेलात कांदा, त्यावर टोमॅटो, लाल सिमला मिरची आणि तिखट मिरचीचं वाटण टाकून कच्चा आंबटपणा जाईपर्यंत परतलं. मग चिकनचं पाणी आणि पाकिटातली कोळंबी कुटून. मगज किसलेल्या कांद्यात घट्ट कालवून चमच्या-चमच्याने वरून सोडली आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटं हात लावला नाही. हीच खरी मेख. लगेच ढवळलं तर गोळे मोडून सगळं पिठल्यासारखं होतं. न ढवळता शिजले की चुबुकवड्यांसारखे धरून राहतात आणि वर लाल तवंग येतो. माठ अगदी शेवटी.

चव? एगुसीपेक्षा सौम्य, जरा गोडसर. आता तिकडच्या रोडो नावाच्या तिखट मिरचीचा फळासारखा वास नव्हता, तो इथल्या कुठल्याच मिरचीला नाही. लेकीने पहिल्याच घासाला ओळखलं, "बी वेगळी आहे ना?" पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि ताटलीतलं बोटाने निपटून खाल्लं. उरलेलं दुसऱ्या दिवशी यजमानांनी ज्वारीच्या भाकरीशी खाल्लं. ते सांगत होते, उत्तर नायजेरियात ज्वारीचंच पीठ शिजवून घोटतात आणि असल्या कालवणाबरोबर खातात.

कोळंबी स्वच्छ होती, वासही चांगला, पण त्या भावात घ्यावी अशी नाही. पुढच्या वेळी सुकट भाजून कुटेन. एगुसी त्यांच्याकडून परत घेणार नाही. गारी आणि तेल घेईन, तेही दिवाळीनंतर, हवा थंड झाल्यावर.

गारी मात्र तोवर पुरेल असं वाटत नाही. लागोसला दुपारी करायचो तशी थंड पाण्यात भिजवून साखर आणि शेंगदाणे घालून सासूबाईंना दिली, तर आता चार वाजले की त्या स्वतःच वाटी घेऊन ओट्यापाशी येतात.