कमी खर्चात नेमबाजी शिकण्यासाठी कोणते पिस्तूल घ्यावे : रुगर मार्क फोर आणि त्याचे स्पर्धक

अमेरिकेत राहून पिस्तूल नेमबाजी शिकू पाहणाऱ्याने पहिले पिस्तूल .२२ लाँग रायफल (थोडक्यात .२२) या लहान काडतुसाचेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी जागेवरून न हलणारी, हाताला वजन जाणवेल इतका भरीवपणा आणि उघडून साफ करण्याची सोय, या तीन गोष्टी पाहून निवड केली, तर रुगर मार्क फोर हे पिस्तूल, आणि त्यातही त्याचा २२/४५ हा प्रकार, मला इतर सर्वांहून उजवा वाटतो. त्याच्यात उणिवा नाहीत असे नव्हे; त्या पुढे सांगतोच.

आधी खर्चाचे पाहू. .२२ चे एक काडतूस साधारण ७ ते १० सेंटला मिळते, तर ९ मिलिमीटरच्या काडतुसाला २५ सेंट किंवा त्याहून थोडे अधिक मोजावे लागतात. एका बैठकीत २०० गोळ्या झाडणाऱ्याला .२२ मध्ये सुमारे १६ डॉलर लागतील आणि ९ मिलिमीटरमध्ये ५० डॉलर. म्हणजे ४५० डॉलरचे पिस्तूल तेरा-चौदा बैठकींत आपली किंमत वसूल करून देते आणि त्यानंतरची प्रत्येक बैठक निव्वळ बचतीची ठरते. मला मात्र बचतीपेक्षाही एक गोष्ट मोलाची वाटते. .२२ ला धक्का आणि आवाज कमी असतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात भीती बसत नाही. एकदा बसलेली भीती घालवायला फार वेळ लागतो, आणि तो वेळ गोळ्यांच्या रूपाने खिशातूनच जातो.

.२२ हे रिमफायर प्रकारचे काडतूस आहे; त्याची रचना समजून घेतली की या पिस्तुलांचे बरेचसे वागणे उलगडते. या काडतुसात पेट घेणारे रसायन मध्यभागी वेगळ्या टोपीत बसवलेले नसते, ते पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटून ते पेटवते. त्यासाठी पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, म्हणून ती पुन्हा भरून वापरता येत नाही. पण याच साधेपणामुळे काडतूस स्वस्त पडते. कडेत एखाद्या ठिकाणी रसायन कमी पसरले असेल आणि पिन नेमकी तिथेच आपटली, तर गोळी सुटत नाही. मोठ्या डब्यांतून सुट्या विकल्या जाणाऱ्या काडतुसांत हे अधिक घडते, म्हणून सरावासाठीसुद्धा सीसीआय या कंपनीचे ४० ग्रेन वजनाच्या गोळीचे स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा मिनी-मॅग यांसारखे दर्जा राखणारे काडतूस घ्यावे. थोडे जास्त पैसे जातात, पण दर दहा-वीस गोळ्यांमागे अडकणारे पिस्तूल हातात असले, तर शिकणाऱ्याचे लक्ष नेमावर राहत नाही.

गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच रोखून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे, कारण क्वचित उशिरानेही पेट घेतला जातो. या फसलेल्या काडतुसाचा एक उपयोगही आहे. चाप दाबल्यावर स्फोट झाला नाही आणि तरीही नळीचे तोंड झटकन खाली गेलेले दिसले, तर नेमबाज धक्क्याची आधीच धास्ती घेतो आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. गोळी सुटली असती, तर ही चूक धक्क्याच्या आड लपली असती.

आता रचनेकडे वळू, कारण निवडीचा खरा निकष तिथे आहे. ग्लॉक ४४ किंवा टॉरस टीएक्स २२ यांसारख्या पिस्तुलांत स्लाईड हा नळीवरचा भाग प्रत्येक गोळीला मागेपुढे सरकतो आणि दोन्ही साईट, म्हणजे नेम धरण्याच्या खुणा, त्या सरकत्या स्लाईडवरच बसवलेल्या असतात. रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचे एसडब्ल्यू २२ व्हिक्टरी यांत नळी पक्की असते, फक्त मागचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा तुकडा, हलतो, आणि साईट व नळी यांचे नाते गोळीगणिक बदलत नाही. दहा यार्डांवरच्या कागदावर डावीकडे खाली भोके पडू लागली, तर अशा पिस्तुलात दोष आपल्या बोटाचाच आहे हे निःशंकपणे मानता येते. शिकण्यासाठी घेतलेल्या साधनाकडून मला हाच प्रामाणिकपणा हवा असतो.

मार्क फोरमागे बराच मोठा वारसा आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांचे पहिलेच उत्पादन .२२ चे स्टँडर्ड पिस्तूल होते आणि त्याची किंमत ३७.५० डॉलर होती. आजचे मार्क फोर हे त्याचेच २०१६ मध्ये आलेले रूप. आधीच्या पिढ्यांची अचूकता वादातीत होती, पण ती पिस्तुले साफ करण्यासाठी उघडली की पुन्हा जोडताना चांगल्या-चांगल्यांची परीक्षा पाहत. मार्क फोरने ही अडचण पुरती संपवली. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढावे, बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, बोल्ट पुढे सोडून सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, लावावी आणि मुठीच्या वर, मागच्या बाजूला असलेले बटण दाबावे. नळीसकट सगळा वरचा भाग पुढच्या बिजागरीवर कलतो आणि बोल्ट मागून अलगद हातात येतो. ना पेचकस लागतो, ना हातोडी. .२२ ची शिशाची गोळी मेणासारख्या वंगणाने माखलेली असते, त्यामुळे चेंबरच्या तोंडाशी आणि बोल्टच्या पुढच्या बाजूला काजळीचा चिकट थर लवकर साचतो. साफसफाई सोपी असली की माणूस ती नियमित करतो, आणि नियमित साफ केलेले पिस्तूल अडकत नाही.

आता उणिवा. कारखान्यातून येणारा मार्क फोरचा चाप मला थोडा जड आणि घासत मागे जाणारा वाटतो. या एका बाबतीत बक मार्क सरस आहे, त्याचा चाप न घासता एकदम सुटतो. दुसरी अडचण मॅगझिन डिस्कनेक्टची. मॅगझिन बसवलेले नसेल, तर हे पिस्तूल चालत नाही, म्हणून घरी रिकाम्या पिस्तुलाने चापाचा सराव करतानाही रिकामे मॅगझिन आत ठेवावे लागते. रिमफायरमध्ये असा कोरडा सराव जपून करावा लागतो, कारण अडवणारे काही नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून तो चेपते. मार्क फोरच्या बोल्टमध्ये तिला रोखणारी आडवी पिन असते. साफसफाईनंतर ती जागेवर बसली आहे ना, हे पाहिल्याशिवाय कोरडा चाप दाबू नये.

बक मार्क १९८५ पासून बाजारात आहे आणि केवळ नेमाचाच विचार केला तर मी ते डोळे झाकून सुचवीन. मात्र ते उघडायला वरचे स्क्रू काढावे लागतात आणि नवखा माणूस या कामाची टाळाटाळ करतो. व्हिक्टरी स्टेनलेस स्टीलचे आहे, एका स्क्रूवर उघडते आणि त्याची नळी घरच्या घरी बदलता येते; पुढेमागे स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल, तर ते जरूर हाताळून पाहावे. ग्लॉक ४४ रिकामे असताना ५०० ग्रॅमच्याही आत भरते. ज्याच्याकडे ग्लॉक १९ हे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आहे, त्याला त्याच आकाराची मूठ आणि तशाच साईट मिळतात, हा त्याचा फायदा; पण हलक्या पिस्तुलात हाताचा थोडासा कंप लगेच साईटवर उमटतो आणि नवखा माणूस त्याने गोंधळतो. टीएक्स २२ सर्वांत स्वस्त, ३०० डॉलरच्या आसपास, आणि त्या पैशांत समाधान देणारे आहे.

मार्क फोरच्या दोन मुठींत निवड करताना पुढचा विचार करावा. मूळ मार्क फोरची मूठ जुन्या जर्मन लुगर पिस्तुलासारखी जास्त तिरकी असते आणि एका हाताने उभे राहून नेम धरणाऱ्याला ती फार सोयीची पडते. २२/४५ ची मूठ ‘१९११’ नावाच्या .४५ पिस्तुलाच्या कोनात असते. नंतर ९ मिलिमीटर किंवा .४५ कडे जायचे असेल, तर मनगटाला लागलेली सवय मोडावी लागू नये म्हणून २२/४५ घ्यावे. जाड नळीचा साडेपाच इंची टार्गेट नमुना पुढच्या बाजूला वजन ठेवतो, त्यामुळे साईट स्थिर राहतात. सोबत दोन मॅगझिन जास्तीची घ्यावीत, कारण दहा-दहा गोळ्या भरण्यातच बैठकीचा मोठा वेळ जातो.

.२२ सगळेच शिकवत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जोरदार धक्क्यानंतर साईट पुन्हा लक्ष्यावर आणण्याचे कसब त्यात अंगी येत नाही. ज्यांच्याकडे मोठे पिस्तूल आहे, त्यांनी बहुतेक गोळ्या .२२ च्या झाडून शेवटच्या थोड्या मोठ्या पिस्तुलाच्या झाडाव्यात. गोळ्यांतले शिसे अंगात जाऊ नये, याबाबत मात्र हयगय नको. बंदिस्त रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागेत, हवा नीट खेळती हवी, सरावानंतर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवावेत, आणि त्याआधी काही खाऊ नये. घरात लहान मुले असतील, तर रेंजवरचे कपडेही वेगळे धुवावेत आणि पिस्तूल कुलूपबंद ठेवावे.

मराठी वाचकांपैकी बरेच जण एच-१ बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात, म्हणून कायद्याचा मुद्दा ठळकपणे सांगतो. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला संघीय कायद्याने शस्त्र किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ही मनाई केवळ खरेदीपुरती नाही, त्यामुळे मित्राने रेंजवर हातात दिलेले किंवा भाड्याने घेतलेले पिस्तूलसुद्धा तिच्या कक्षेत येते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण राहत नाही. मी राहतो त्या न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी पोलिसांकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन चालत नाही. टीएक्स २२ सोबत इतरत्र १६ गोळ्यांचे मॅगझिन येते, म्हणून इथे दहा गोळ्यांचाच नमुना मागावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाचा मार्ग वेगळा आहे. तिथे शस्त्र परवान्याचे नियम कडक असल्यामुळे सुरुवात बहुधा क्लबमधल्या १० मीटर एअर पिस्तुलाने होते, आणि पाया घालायला ते उत्तमच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात वापरले जाते ते हेच .२२ चे काडतूस. मात्र त्या पातळीवरची पिस्तुले इथे सांगितलेल्या पिस्तुलांच्या कित्येक पट महाग असतात.

जुने मार्क फोर स्वस्तात मिळत असेल, तर एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १ जून २०१७ च्या आधी बनलेली मार्क फोर आणि २२/४५ पिस्तुले कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवली होती. सेफ्टीचा खटका अर्ध्यावर असताना चाप दाबला गेला, तर गोळी तेव्हा न सुटता नंतर खटका सरकवताना सुटण्याचा धोका त्यांत होता. ४०१ किंवा डब्ल्यूबीआर यांनी सुरू होणारे अनुक्रमांक त्या काळातले आहेत. विकणाऱ्याकडून क्रमांक घ्यावा, त्या पिस्तुलाची दुरुस्ती झाली आहे की नाही हे थेट कंपनीकडून समजून घ्यावे, आणि झाली नसेल तर ती होईपर्यंत त्यात एकही गोळी भरू नये.