सशुल्क जाहिरात की जुन्या ग्राहकांची नोंदवही?

छोटा व्यवसाय वाढवायचा म्हणून मार्केटिंगसाठी थोडी रक्कम आणि रोजचा तासभर वेळ बाजूला काढला, की बहुतेकांपुढे दोन मार्ग असतात. पैसे देऊन गूगलवर किंवा समाजमाध्यमांवर जाहिरात करायची, किंवा ज्यांनी एकदा आपल्याकडून माल घेतला आहे त्यांची नीट नोंद ठेवून त्यांच्याशी संपर्क राखायचा. दोन्ही एकदमच करा, हा सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्याकडे या कामासाठी सहसा वेगळा माणूस असतो. माझे काम बिलबुके, पावती पुस्तके, लेटरहेड अशा छपाईचे आहे आणि दोन्ही मार्ग मी पुरेसा काळ वापरून पाहिले आहेत. तेव्हा पुढचे मत त्या अनुभवापुरतेच धरावे.

जाहिरातीचा मोठा गुण म्हणजे ती अनोळखी माणसापर्यंत पोहोचते, आणि हे नोंदवहीला कधीच जमणार नाही. त्यातही शोध-जाहिरात, म्हणजे गूगलवर काही शोधल्यावर निकालांसोबत दिसणारी जाहिरात, मला अधिक सरळ वाटते, कारण तिथे गरज ग्राहकानेच टाइप केलेली असते. शिवाय गूगलच्या व्यवस्थेत केवळ बोलीवर, म्हणजे जाहिरातदाराने देऊ केलेल्या रकमेवर, जागा ठरत नाही. जाहिरात आणि ती उघडल्यावर दिसणारे पान त्या शोधाशी किती जुळते, हेही विचारात घेतले जाते. त्यामुळे एकाच कामात मुरलेल्या छोट्या व्यावसायिकाला मोठ्यांच्या शेजारी जागा मिळू शकते. खर्चाबाबत एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी: तिथे ठरवलेली रोजची रक्कम ही सरासरी असते, एखाद्या दिवशी तिच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची मर्यादा त्या रकमेच्या 30.4 पट धरली जाते. हातात खेळते भांडवल बेताचे असेल, तर हा फरक जाणवतो.

माझा निर्णय झाला तो मात्र समाजमाध्यमावरील जाहिरातीच्या एका कटकटीमुळे. मी जी व्यवस्था वापरत होतो, तिला जाहिरात कोणाला दाखवावी हे शिकायला काही काळ लागतो आणि ते शिकणे पूर्ण होण्यासाठी आठवडाभरात सुमारे 50 अपेक्षित परिणाम, म्हणजे चौकशा किंवा ऑर्डरी, मिळाव्या लागतात. आता आठवड्याला 50 नव्या चौकशा येऊ लागल्या, तर माझ्यासारख्याला आधी त्यांची उत्तरे देण्यासाठी माणूस ठेवावा लागेल! चौकशा त्याहून पुष्कळ कमी येत, त्यामुळे जाहिरातीपुढची ‘शिकत आहे’ ही पाटी काही हटत नसे. त्यात चित्र बदलले, वयोगट बदलला किंवा रक्कम बरीच वाढवली, की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे सुधारणा करावी तर आधीचे शिकणे वाया जाते आणि करू नये तर चालत नसलेली जाहिरात तशीच चालू ठेवावी लागते. 2021 मध्ये ॲपलने आयफोनवर इतर ॲपमधील हालचालींचा माग काढण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी आवश्यक केली, तेव्हापासून अशा जाहिरातींना मिळणारी माहितीही आटली आहे. मोठ्या विक्रेत्याला संख्येच्या जोरावर हे सारे निभावता येत असेलही. मला ती यंत्रणा माझ्या मापाची वाटली नाही.

नोंदवहीचे काम याच्या अगदी उलट आहे, कारण तिला संख्या लागत नाही. माझ्याकडे प्रत्येक ग्राहकापुढे कागदाचा प्रकार, प्रतींची संख्या, शेवटच्या ऑर्डरीची तारीख आणि छापलेला शेवटचा क्रमांक लिहिलेला असतो. हा शेवटचा रकाना मला सर्वांत उपयोगी पडतो. दोन ऑर्डरींमधले अंतर पाहिले, की पुस्तके केव्हा संपत येतील याचा अंदाज येतो आणि त्याच्या थोडे आधी मी लिहितो: ‘आपल्या पावती पुस्तकांचा शेवटचा क्रमांक 2000 होता. पुढची पुस्तके 2001 पासून त्याच मजकुरात छापू का, की पत्ता किंवा फोन बदलला आहे?’ या एका संदेशाला जितक्या लवकर आणि जितकी स्पष्ट उत्तरे आली, तितकी कुठल्याही आकर्षक जाहिरातीला आलेली मला आठवत नाहीत. मोजमाप म्हणावे असे माझ्याकडे काही नाही, पण बिले करताना फरक कळतो. शिवाय जुने ग्राहक दर माहीत असल्यामुळे घासाघीस करत नाहीत आणि प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी तपासायला दिलेला नमुना, तोही लवकर मंजूर करतात.

अर्थात या मार्गालाही मर्यादा आहेत. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या यादीत, 256 क्रमांकच बसतात आणि ज्याने आपला क्रमांक जतन केलेला नाही त्याला तो संदेश मिळतच नाही. सरसकट सर्वांना सवलतीचे चित्र पाठवणारे लवकरच ब्लॉक होतात, आणि ते योग्यही आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की यादी आपोआप वाढत नाही. काही ग्राहक व्यवसाय बंद करतात, काहींचे व्यवहार संगणकावर जातात आणि वही हळूहळू विरळ होत जाते. ज्या वस्तूची गरज माणसाला आयुष्यात एकदाच पडते, तिच्या विक्रेत्याला तर या मार्गाने फारसे काही मिळणार नाही. त्याने शोध-जाहिरातीकडेच वळावे, असे मला वाटते.

निवड करण्यापूर्वी गेल्या वर्षाची बिले एकदा चाळून पाहावीत. तीच नावे पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर मी आधी वहीलाच वेळ देईन आणि जाहिरात नेमक्या गरजेच्या दोन-चार शब्दांपुरती, तीही शोधातच ठेवीन. तिच्यामुळे जो नवा ग्राहक येईल, त्याला पुढच्या वेळी आठवण केलेली चालेल का, हे बिल देतानाच विचारून त्याचे नाव वहीत उतरवावे.